रकाना

पोलीस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म भरताना
हवालदाराने विचारलं, नाव?
ती म्हणाली, मी लावी.
"मी लावी म्हंजे? काय लावते तू बाई,
दिवा का भांडण?"
मोन लोकांत बाईच्या नावाआधी 'मी' असतो,
तिने हिंदीत समजावलं.
त्याने लिहिलं : लावी. देश थायलंड. पाली, एम.ए. भाग एक.
'मी' राहून गेला.
घरमालक म्हणून खाली सही मी केली.

इंदोऱ्यातली माझी वरची खोली,
तिथे ती कसलंसं खोड दगडावर उगाळायची,
गालांवर पिवळे चट्टे लावून
नळावर रांगेत उभी राहायची.
एका संध्याकाळी मोबाइल पुढे केला :
नदीच्या मधोमध विटांचा एक मनोरा, बिनदारांचा.
आमचं देऊळ, म्हणाली. पाणी उतरलं की दिसतं.
बाप तिथेच भिक्खू झाला होता, दोन पावसाळे.
आता होडीतून पाहुण्यांना तेच दाखवतो,
एका फेरीचे तीनशे बात.
सीमा ओलांडून आलो ते एक गाव गेलं,
मग धरण झालं, दुसरं गेलं.

मी म्हणालो, माझ्याकडेही एक आहे.
म्हणून गेलो खरा,
जसं काही कपाटात ठेवलंय.

मे महिन्याचा रविवार. उमरेड रोड, कुही,
पुढे डांबर जिथे सरळ पाण्यात उतरतं तिथे
दसाराम नान्हे डोंगा घेऊन बसला होता.
त्याने मला ओळखलं. मी नाही.
रुईडोह. घरं एकशे एकोणचाळीस.
त्यातलं प्रत्येक घर मी टेपने मोजलेलं आहे :
भिंत माती, छत कवेलू, विहीर सामाईक,
आंब्याची झाडं तीन, फळती दोन.
देऊळ दगडी, पक्कं, एक.
घंटेला रकाना नव्हता.

पाण्यावर बाभळींचे वाळके शेंडे,
त्यांवर पाणकावळे पंख वाळत घालून.
कळस दिसेल असं मी तिला सांगितलं होतं.
दिसला नाही. यंदा पाणी सोडलं नाही, दसाराम म्हणाला,
पन खाली हाये. जाते कुठं?

जुनी सवय, टेप पिशवीत होताच.
टोकाला कुलूप बांधून सोडला.
साडेचार मीटरवर काहीतरी लागलं.
साडेचार, मी म्हणालो, मोठ्याने,
जसं कुणी वहीत उतरवून घेणार आहे.
ती म्हणाली, काय लागलं? छत की पायरी?

मला सांगता येईना.
तीस वर्षं मी आकडे सांगितले,
हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिने वाकून डोंग्याच्या तळाला कान लावला.
खूप वेळ.
मला वाटलं आता ही घंटा ऐकू आली म्हणेल,
आणि मला खोटं खोटं मान डोलवावी लागेल.
ती उठली, कानाला डांबर लागलेलं,
म्हणाली, काही नाही. आमच्याकडेही काही नाही येत ऐकू.
बाप मात्र पाहुण्यांना सांगतो, येते म्हणून.
मग दसाराम हसला, मग आम्ही सगळेच,
पाण्याच्या मधोमध, भर उन्हात.

परतताना वल्हं मारत तो सहज बोलला,
साहेब, माह्या घरी तुमी चूल एक लिवली होती.
दोन होत्या.
मायची येगळी होती, परसात. ते तिथंच जेवे.
पैशाचं नाही म्हनत मी.
दोन होत्या, येवढंच.

ती विचारत होती, काय म्हणतो हा?
मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं
आणि 'मी' इथवरच आलो.
तिला वाटलं, मी तिला हाक मारतोय.
ओ दिली तिने.